वाळा उन्हाळ्यात, हिना थंडीत

गेल्या अंकातील टिपणात मी असे म्हटले होते की पुरुषांनी सुगंध प्रसंग पाहून निवडण्याआधी हवा पाहून निवडावा, आणि तो आपल्यापासून हातभर अंतराच्या पलीकडे जाऊ देऊ नये. या विधानावर बरीच पत्रे आली. काहींनी शंका विचारल्या, काहींनी सौम्य शब्दांत भांडणही केले. त्यांपैकी सात पत्रांना येथे उत्तरे देत आहे. सुगंध बनवणे हा माझा व्यवसाय नाही. पंचवीसेक वर्षे बाटल्या आणि कुप्या हुंगण्याचा नाद तेवढा आहे, तेव्हा पुढे जिथे एखाद्या सुगंधाचे वर्णन येईल तिथे ते माझ्या नाकाचे मत समजावे.

प्रश्न : मी ५३ वर्षांचा असून बँकेत नोकरी करतो. मुलाने पहिल्या पगारातून मला ‘डिओर’ या फ्रेंच पेढीची ‘सोव्हाज’ ही परफ्यूमची बाटली आणून दिली. एप्रिलपासून रोज वापरतो, पण अकरा वाजेपर्यंत माझेच डोके जड होते. मुलाला वाईट वाटेल म्हणून थांबवतही नाही. बाटली चुकीची आहे की मी? (नागपूर)

उत्तर : बाटलीही बरोबर आहे आणि आपणही, महिना तेवढा चुकला आहे. ‘सोव्हाज’ २०१५ साली बाजारात आला आणि फ्रान्स्वा दमाशी या सुगंधकाराने तो बांधला. सुरुवातीला त्यात बर्गमोट या लिंबूवर्गीय फळाचा आणि मिरीचा तीक्ष्ण वास येतो, आणि तो ओसरला की अँब्रोक्सन नावाच्या कृत्रिम द्रव्याचा कोरडा, किंचित धातूसारखा वास दिवसभर अंगावर बसून राहतो. डिसेंबरातल्या सकाळी हा वास मला चांगला इस्त्री केलेल्या कोटासारखा वाटतो. नागपुरात पारा ४५ अंशांकडे चाललेला असताना मात्र तोच वास अंगावर कोटासारखाच वागतो.

याचे कारण साधे आहे. सुगंध म्हणजे त्वचेवरून उडून जाणारी द्रव्ये, आणि त्वचा जितकी तापलेली तितकी ती वेगाने उडतात. हलकी, लिंबाच्या जातीची द्रव्ये एरवी अर्ध्या तासात संपतात, ती आपल्याकडच्या मे महिन्यात घराचा जिना उतरेपर्यंत संपतात, आणि जड द्रव्ये, जी संथपणे झिरपत राहावीत अशी रचना असते, ती एकदम उसळून येतात. जे थोडे थोडे मिळायचे ते सगळे अकराच्या आत मिळाल्यावर डोके जड होणार नाही तर काय होईल? म्हणून बाटली कपाटात ठेवावी आणि दिवाळीनंतर काढावी. मुलाला खरे कारण सांगावे; पहिल्या पगाराची भेट थंडीतल्या चांगल्या दिवसांसाठी राखून ठेवली आहे, हे ऐकून त्याला वाईट वाटण्याचे कारण नाही.

उन्हाळ्यासाठी आपल्याला फार लांब जावे लागणार नाही. कूलरच्या ताट्यांत आणि माठात जो वाळा आपण घालतो, तोच पुरुषांच्या सुगंधातील एक अत्यंत मानाचा घटक आहे. पाश्चात्त्य सुगंधकार त्याला ‘व्हेटिव्हर’ म्हणतात आणि तो शब्द तमिळमधून तिकडे गेला आहे. ‘गेर्लँ’ या फ्रेंच पेढीचा ‘व्हेटिव्हर’ १९५९ सालापासून ओळखीचा आहे. त्यात वाळ्याच्या सोबतीला लिंबू, जायफळ आणि तंबाखू आहेत, आणि तो अंगावर असताना नुकत्याच धुतलेल्या सुती सदऱ्यासारखे वाटते. ‘हर्मेस’चा ‘तेर द हर्मेस’ २००६ सालचा आहे. ज्यां-क्लोद एलेना यांनी त्यात संत्रे, वाळा आणि तापलेल्या गारगोटीसारखा एक खनिज वास एकत्र आणला आहे. संत्र्याची साल नखाने सोलल्यावर जो फवारा उडतो तो आपल्याला मी काय समजावून सांगावा. नागपूरकराने तो एकदा हुंगून पाहावा, एवढेच सुचवतो. तरीही मे महिन्याच्या भर दुपारसाठी मला या दोहोंपेक्षा उत्तर प्रदेशातील कनौजचा रूह खस, म्हणजे वाळ्याचाच अर्क, अधिक पसंत आहे. तांब्याच्या भांड्यात काढल्यामुळे त्याला हिरवट झाक असते, वास मातीचा, मुळांचा आणि ओलाव्याचा असतो, आणि तो उन्हात बिघडत नाही. मानेच्या मागे काडीभर लावला की पुरे.

एक सावधगिरी जाता जाता सांगतो. बर्गमोट किंवा लिंबाचे तेल असलेला सुगंध उघड्या मानेवर लावून उन्हात फिरल्यास काहींच्या त्वचेवर काळपट डाग पडतात. मोठ्या कंपन्या आता हा दोष काढलेले तेल वापरतात, पण सुट्या विकल्या जाणाऱ्या तेलांबाबत ती खात्री नसते, तेव्हा अशी तेले कपड्याने झाकलेल्या जागी लावलेली बरी.

प्रश्न : मी २७ वर्षांचा आहे. डोंबिवलीहून रोज लोकलने प्रवास करतो. घरून निघताना अंगभर डिओ मारतो, तरी ऑफिसात पोहोचेपर्यंत घामाचा आणि डिओचा मिळून एक विचित्र वास तयार होतो. परफ्यूम घेतला तर हा प्रश्न सुटेल का? (डोंबिवली)

उत्तर : सुटणार नाही, महाग होईल. घामावर सुगंध मारणे म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देणे होय. ताज्या घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. काखेतील जिवाणू त्याचे विघटन करतात तेव्हा तो येतो. त्यामुळे आधी घाम आणि जिवाणू यांचा बंदोबस्त करावा लागतो आणि ते काम परफ्यूमचे नाही. ज्या उत्पादनावर ‘अँटीपर्स्पिरंट’ असे लिहिलेले असते त्यात अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असतात आणि ते घाम रोखतात. ते रात्री झोपताना कोरड्या काखेत लावले तर सकाळी लावण्यापेक्षा चांगले काम करते. नुसत्या डिओत बहुधा अल्कोहोल आणि सुगंधच असतो. दुसरे म्हणजे, पॉलिएस्टरचे शर्ट घामाचा वास धरून ठेवतात आणि धुतल्यावरही तो पुरता जात नाही. प्रवासासाठी सुती शर्ट वापरावेत किंवा ऑफिसात एक शर्ट ठेवावा.

आता सुगंधाकडे येतो. गर्दीच्या वेळी डब्यात माणसे एकमेकांच्या खांद्यावर श्वास घेत उभी असतात. अशा ठिकाणी आपला सुगंध ही आपली खाजगी बाब उरत नाही. मी स्वतः तारुण्यात एकदा नव्या बाटलीचे पाच फवारे मारून डब्यात चढलो होतो, कुर्ल्याच्या आसपास शेजारच्या गृहस्थांनी अतिशय शांतपणे, “साहेब, जरा तोंड त्या बाजूला करून उभे राहता का?” असे विचारले. तेव्हापासून मी गाडीत सुगंध लावून चढत नाही. दहा मिलिलिटरची छोटी फवारणीची बाटली बॅगेत ठेवावी, ऑफिसात पोहोचल्यावर चेहरा, मान, हात धुवावेत, पुसावेत आणि मग लावावे.

काय लावावे, तर कोलोन. जर्मनीतील कोलोन शहरात फारिना या इटालियन कुटुंबाची पेढी १७०९ साली सुरू झाली आणि त्यातील योहान मारिया फारिनाने आपल्या पाण्याला त्या शहराचे नाव दिले. लिंबू, संत्रे, बर्गमोट, संत्र्याची फुले आणि थोडी रोझमेरी एवढाच त्याचा पसारा. कोलोनात सुगंधी तेल साधारण दोन ते पाच टक्के असते, ‘ओ द त्वालेत’ लिहिलेल्या बाटलीत त्याहून जास्त, पंधरा टक्क्यांपर्यंत, आणि ‘ओ द पार्फ्यूम’मध्ये त्याच्याही पुढे. कमी टक्के म्हणजे कमी प्रतीचे असा आपल्याकडे समज आहे, तो मनातून काढून टाकावा. मुंबईच्या दमट हवेत कोलोन दोन तासांत संपते हा मला त्याचा गुण वाटतो, कारण दुपारी पुन्हा ताजेतवाने होण्याची सोय राहते. आपल्याकडच्या औषधांच्या दुकानांतही ‘यू डी कोलोन’ मिळत असे आणि ताप आलेल्याच्या कपाळावर त्याची घडी ठेवत. ज्यांना हा वास आजारपणाची आठवण करून देतो त्यांनी ‘ओ सोव्हाज’ पाहावा. वर नागपूरच्या पत्रात आलेल्या ‘सोव्हाज’शी त्याची गल्लत करू नये, नावात एका अक्षराचा आणि वयात जवळजवळ पन्नास वर्षांचा फरक आहे. तो १९६६ सालचा, एदमों रूदनित्स्का यांचा. लिंबाच्या मागे त्यात जाईजुईच्या जातीची एक पारदर्शक हवा आहे, आणि ती हवा हेडिओन नावाच्या द्रव्याने आली आहे. नोकरीच्या ठिकाणी पुरुषाने लावावा असा याहून सभ्य सुगंध माझ्या पाहण्यात नाही.

प्रश्न : वडिलांच्या पश्चात त्यांची शिसवी अत्तरपेटी माझ्याकडे आली. तीत हिना, केवडा, गुलाब, मिट्टी आणि ‘कस्तुरी’ अशा चिठ्ठ्या लावलेल्या काचेच्या कुप्या आहेत. मुले म्हणतात, हे म्हाताऱ्यांचे वास आहेत. ही अत्तरे अजून वापरण्याजोगी असतील का, आणि कधी वापरावीत? (कोल्हापूर)

उत्तर : आपले पत्र वाचून मला आपला हेवा वाटला हे आधी कबूल करतो.

ही अत्तरे कशी झाली हे कळले की ती कशी वापरावीत हेही कळते. कनौजमध्ये आजही देग-भपका पद्धत चालते. तांब्याच्या मोठ्या देगेत फुले आणि पाणी घालून झाकण मातीने लिंपतात, खाली लाकूड किंवा शेण्यांचा जाळ ठेवतात, आणि वाफ चोंगा नावाच्या बांबूच्या नळीतून भपक्यात जाते. भपका म्हणजे लांब मानेचे तांब्याचे भांडे. ते पाण्याच्या हौदात ठेवलेले असते आणि त्यात आधीच चंदनाचे तेल घातलेले असते. वाफ थंड होते, फुलांचा अर्क चंदनात मुरतो, पाणी काढून टाकतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजी फुले. असे कित्येक दिवस चालते. परफ्यूममध्ये अल्कोहोल उडून जाते आणि सुगंध हवेत फेकते. अत्तरात ते नसते, म्हणून अत्तर त्वचेला चिकटून राहते आणि जवळ येणाऱ्यालाच कळते. हातभर अंतराचा माझा जो आग्रह आहे, तो अत्तर न सांगता पाळते.

चंदनाचे तेल महाग झाल्यापासून पुष्कळ ठिकाणी त्याऐवजी लिक्विड पॅराफिन वापरले जाऊ लागले, पण आपल्या वडिलांच्या कुप्या जुन्या आहेत, तेव्हा त्यांत चंदन असण्याची शक्यता बरी आहे. चंदनातले अत्तर नीट बंद असेल आणि उजेडापासून दूर असेल तर वर्षानुवर्षे टिकते आणि मऊ होत जाते. मनगटावर काडीने किंचित लावून पाहावे. पहिली पाच मिनिटे जुन्या लाकडासारखा वास आला तरी घाबरू नये. अर्ध्या तासानंतरही खवट तेलासारखा किंवा व्हिनेगरसारखा आंबूस वास येत राहिला तर ती कुपी आठवण म्हणून ठेवावी, अंगाला लावू नये.

आता एकेक घेतो. हिना हे थंडीचे अत्तर. त्यात मसाले, मुळे आणि वनस्पती एकत्र असतात, वास उबदार आणि काळसर असतो, आणि मार्गशीर्षात शाल पांघरून बसलेल्या माणसाच्या अंगावर तो जितका शोभतो तितका वैशाखात त्रास देतो. गुलाब सकाळचा, बारा महिने चालणारा. केवडा मला स्वतःला मिठाईत अधिक आवडतो. अंगावर तो फार मोठ्याने बोलतो आणि दिवसभर गप्प बसत नाही; पण गौरी-गणपतीत केवड्याच्या पानाला जो मान आहे त्या दिवसांपुरता एखादा थेंब रुमालाला लावावा.

मिट्टीची कुपी मात्र जपून वापरा. भाजलेली माती देगेत घालून हे अत्तर काढतात, आणि पहिल्या पावसाचा मृद्गंध कुपीत भरलेला असतो असे म्हणणे यात अतिशयोक्ती नाही. इसाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी १९६४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात या वासाला ‘पेट्रिकोर’ असे नाव दिले, पण कनौजचे गंधी तो त्याच्या कितीतरी आधीपासून विकत होते. हे अत्तर पावसाळ्यात लावण्यात अर्थ नाही. बाहेरचा अस्सल वास त्याला झाकून टाकतो. ते मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, ढग दाटून येतात आणि पडत नाहीत अशा संध्याकाळी लावावे.

राहिली कस्तुरी. कस्तुरीमृगाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि खरी कस्तुरी बाळगणे वा विकणे हा गुन्हा ठरू शकतो. कुपीतले द्रव बहुधा कृत्रिम असेल. आल्बर्ट बाऊर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला १८८८ साली स्फोटके बनवता बनवता कृत्रिम कस्तुरीचा वास सापडला आणि तेव्हापासून बाजारात तिचीच वंशावळ चालते. पण पेटीत द्रवाऐवजी केसाळ, सुकलेली नाभी निघाली तर ती कोणाला दाखवत बसण्यापेक्षा वनविभागाच्या कार्यालयात विचारणा करावी.

मुलांचे म्हणणे फार मनावर घेऊ नये. तसेही त्यांना काही सांगू नका. थंडीत एकदा हिना लावून त्यांच्या शेजारी जेवायला बसा.

प्रश्न : येत्या रविवारी मुलगी पाहण्याचा कार्यक्रम आहे. मित्राकडे तीव्र, गोडसर, ‘नाइट क्लब’साठीचा एक परफ्यूम आहे आणि तो लावूनच जा असा त्याचा आग्रह आहे. लावू का? (पुणे)

उत्तर : लावू नका. त्या घरात पोह्यांना फोडणी पडलेली असेल, कोथिंबीर चिरलेली असेल, वर खोबरे असेल, आणि या सर्वांमध्ये व्हॅनिला व टॉफीच्या वासाचा माणूस येऊन बसला तर पोहे बिचारे वाया जातील. शिवाय उसना सुगंध लावून गेल्यास पुढे तो आपलाच म्हणून मिरवावा लागतो. साबणाने स्वच्छ आंघोळ करा, रोज वापरता त्यातलाच एक फवारा घराबाहेर पडण्यापूर्वी तासभर आधी छातीवर मारा आणि वर सदरा घाला. त्या तासात अल्कोहोलचा भपका निघून जातो आणि जे उरते ते आपल्या त्वचेशी जुळलेले असते.

प्रश्न : मी मूळचा रत्नागिरीचा, बारा वर्षे दुबईत आहे. इकडे ऑफिसात सहकारी ऊद आणि गुलाब सर्रास लावतात आणि मलाही ते आवडू लागले आहे. गणपतीला गावी आलो की मात्र घरचे म्हणतात, हा धूप घालतोयस की सेंट? आणि गुलाब तर बायकी आहे. मी कुठे चुकतो? (दुबई)

उत्तर : आपल्या घरच्यांच्या पहिल्या वाक्यात एक मौज आहे. मराठीत ऊद म्हणजे निखाऱ्यावर घालण्याचा राळेसारखा पदार्थ. आपण आरतीच्या वेळी, बाळंतिणीच्या खोलीत आणि तिन्हीसांजेला घरात त्याचा धूर करत आलो. अरबांचा ऊद वेगळा. तो अगरू वृक्षाच्या लाकडापासून होतो. आसामात आणि आग्नेय आशियात हे झाड वाढते, त्याला विशिष्ट बुरशीचा संसर्ग झाला की खोडात गडद राळ साचते, आणि ते राळेने भरलेले लाकूड म्हणजे अगर. आपल्या अगरबत्तीच्या नावात तेच आहे. तेव्हा घरच्यांना तो वास देवघरातला वाटला तर त्यांचे नाक बरोबर सांगते आहे.

पाश्चात्त्य पुरुषांच्या बाजारात ऊद उशिरा आला. ‘इव्ह सँ लोराँ’चा ‘एम सेव्हन’ २००२ साली आला आणि फारसा चालला नाही. २००७ च्या ‘टॉम फोर्ड’च्या ‘ऊद वुड’नंतर मात्र जो तो ऊद विकू लागला. त्यातले बहुतेक ऊद प्रयोगशाळेतले असतात आणि त्यात मला काही वावगे वाटत नाही. अस्सल ऊदतेलात गोठ्यासारखा, चामड्यासारखा एक जोरकस दर्प असतो आणि तो सर्वांना पेलत नाही. मला स्वतःला तो रात्री, थंडीत आणि घरातल्या चार माणसांत आवडतो.

आता दुबई आणि रत्नागिरी. आपले ऑफिस वातानुकूलित, गाडी वातानुकूलित, हवा कोरडी केलेली. त्या थंड खोल्यांत ऊद आणि गुलाब आपापल्या जागी शांत बसतात. भाद्रपदात कोकणात हवा ओलीचिंब असते, कपड्यांना कुबट वास आलेला असतो, भिंतींना बुरशी असते आणि घरात चाळीस माणसे असतात. तिथे ऊदाला पांगायला जागा मिळत नाही. गावी येताना तो दुबईतच ठेवा, किंवा आणलाच तर अंगाला न लावता कपाटातल्या कपड्यांना त्याची धुरी द्या. दमट दिवसांत कपड्यांचा कुबटपणा झाकण्याचा तो चांगला उपाय आहे आणि धूप घातल्याचा आरोपही मग खरा ठरेल.

बरोबर आणण्यासाठी काही हवे असेल तर समुद्राचा वास म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांपासून मात्र दूर राहा. १९८८ चा ‘कूल वॉटर’ आणि १९९६ चा ‘अ‍ॅक्वा दि जिओ’ हे चांगले, स्वच्छ सुगंध आहेत, पुण्यानाशकात उन्हाळ्यात मीही लावतो. परंतु ज्याने मिरकरवाड्याच्या बंदरावर सकाळी बोटी रिकाम्या होताना पाहिल्या आहेत, त्याला कलिंगडाच्या वासाचा हा समुद्र समुद्र वाटणे अवघड आहे. साधा वाळा किंवा चंदन बरे.

आणि गुलाब बायकी कसा? सनईचौघड्यासह दारात उभे राहून आपले आजोबा-पणजोबा पाहुण्यांवर गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडत होते आणि हाताला अत्तर लावत होते. फुलांचे वास बायकांचे आणि लाकडांचे वास पुरुषांचे ही विभागणी अलीकडची, बाटल्या दोनदा विकता याव्यात म्हणून झालेली. अरब पुरुषांनी ती मान्य केली नाही. आपणही करू नये.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा निवृत्त शिक्षक. कॉलेजपासून दाढीनंतर ‘ओल्ड स्पाइस’ लावतो. नातू म्हणतो, आजोबांना जुन्या सलूनचा वास येतो. बदलावे काय? (सातारा)

उत्तर : बदलू नये. पुरुषांसाठीचा ‘ओल्ड स्पाइस’ १९३८ साली अमेरिकेत आला आणि शिडाच्या जहाजाचे चित्र असलेली त्याची पांढरी बाटली आपल्याकडच्या किती आरशांसमोर उभी राहिली याची गणती नाही. लवंग, दालचिनी, जायफळ आणि शेवटी व्हॅनिला असा त्याचा वास आहे. थोडक्यात, मसाल्याच्या डब्याशेजारी पावडरचा डबा उघडा राहिला आहे. नातवाचे निरीक्षण चुकीचे नाही, कारण सलूनचा म्हणून जो वास आपण ओळखतो तो याच कुळातून आणि त्याच्या शेजारच्या ‘फुजेर’ कुळातून आला. फुजेर म्हणजे नेचा. ‘उबिगाँ’ या पेढीने १८८२ साली ‘फुजेर रोयाल’ काढला तेव्हा त्यात लॅव्हेंडर, झाडावरचे शेवाळ आणि कूमरिन हे कृत्रिमरीत्या बनवलेले, वाळल्या गवताच्या वासाचे द्रव्य होते. आजही दाढीच्या साबणात तीच चाल ऐकू येते. एकच सूचना करतो. आफ्टरशेव्हमध्ये अल्कोहोल असते आणि या वयात त्वचा कोरडी होते, म्हणून झोंबत असेल तर चेहऱ्याऐवजी गळ्याच्या खाली लावावे.

प्रश्न : माझे यजमान रोज सात-आठ फवारे मारतात. ते खोलीतून गेल्यावरही वास अर्धा तास राहतो. मुलीला दमा आहे. सांगितले तर म्हणतात, “मला तर काहीच येत नाही, बाटलीच हलकी आहे.” यांना कसे समजवावे? (नाशिक)

उत्तर : ते खोटे बोलत नाहीत. सतत असलेल्या वासाची नोंद घेणे नाक काही मिनिटांत सोडून देते. रोज तोच सुगंध लावणाऱ्याला तो लावल्या लावल्याच दिसेनासा होतो. शिवाय काही कृत्रिम कस्तुरींचा वास काही माणसांना मुळातच येत नाही, आणि शेजारच्याला मात्र त्या डोक्यावर बसल्यासारख्या वाटतात. म्हणून स्वतःच्या सुगंधाचे प्रमाण स्वतःच्या नाकाने ठरवता येत नाही. ते काम आपल्याकडे घ्यावे. दम्याचा प्रश्न असल्याने येथे आवडीनिवडीला जागा नाही: घरात फवारा मारणे पूर्ण बंद करावे, आणि मुलीला कोणत्या वासांचा त्रास होतो हे तिच्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

यजमानांना समजावण्यासाठी एक प्रयोग सुचवतो. त्यांना आठ दिवस कोणताही सुगंध लावू देऊ नका. सणासुदीचे दिवस नसतील असा आठवडा निवडा म्हणजे तक्रार कमी होईल. नवव्या दिवशी त्यांचा आदल्या पंधरवड्यात घातलेला, न धुतलेला एखादा शर्ट बंद पिशवीतून काढून त्यांच्या हातात द्या. त्यांना जो वास येईल तो आपल्याला रोज येत होता. त्यानंतर बाहेर पडताना, गॅलरीत किंवा जिन्यात, दोन फवारे, तेही सदऱ्याच्या आत. गॅलरीची खिडकी लावून घ्यायला विसरू नका.